धाकटीचा उजवा हात शाबूत ठेवणेबाबत

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
मोठा सरकारी दवाखाना.

विषय : माझ्या धाकट्या जावेच्या काखेतल्या ग्रंथी सरसकट न काढणेबाबत व मोठ्या सर्जनसाहेबांना हाताखाली उभे करणेबाबत.

संदर्भ : सदर साहेबांनी धाकटीपाशी माझ्याबद्दल काढलेले उद्गार.

महोदय,

अर्ज करते की, सहा वर्षांपूर्वी मोठ्या साहेबांनी माझ्या छातीतली वाटाण्याएवढी गाठ काढली. ते उपकार मी विसरले नाही. पण त्याच भरात काखेतल्या साऱ्या ग्रंथी खरवडून नेल्या. तपासल्या तर एकीतही रोग नव्हता. चोर घरात नव्हता, तरी घर पाडलं. जाब विचारला तर म्हणाले, बाई, जीव वाचला ते बघा. जीव वाचला, साहेब. हात मात्र लोडासारखा सुजला तो सुजलाच.

आमचं पडदे शिवायचं दुकान आहे. कापडाची मोठी कात्री माझ्याकडे असायची. आता तिच्या कडीत माझा अंगठा शिरत नाही, म्हणून ती धाकटीकडे गेली. ती वाकडं कापते आणि वर मलाच घड्या घालायला सांगते. आमचं सख्य विळ्याभोपळ्याचं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

आता धाकटीलाही गाठ निघाली. लवकर सापडली, काखेत काही लागत नाही. आपल्याकडच्याच तरुण डॉक्टरीणबाई सांगतात की, अशा वेळी निळं औषध टोचून ते जिथे आधी पोचतं त्या एकदोन ग्रंथीच काढून तपासतात. त्या निर्मळ असल्या तर बाकीच्यांना हात लावत नाहीत. मोठ्या साहेबांनी मात्र सगळ्याच काढायचं ठरवलं. धाकटीने माझ्या हाताचं विचारलं, तर म्हणाले, थोरल्या बाईंनी आळस केला, व्यायाम केला नाही. मी आळशी! तिलाही ते गोड लागलं, सही करून आली.

मग मी तिच्या खोलीत गेले. हाताची पट्टी सोडली आणि म्हटलं, दाब बोटाने. तिने दाबलं. खड्डा पडला, तो भरेना. धाकटी पट्टी परत गुंडाळू लागली, तीही वाकडीच.

तरी धाकटीची सही रद्द समजावी. ऑपरेशन डॉक्टरीणबाईंनी करावं आणि मोठ्या साहेबांनी शेजारी उभं राहून चिमटे द्यावेत. रोग निघाला तर पुढचं तिला समजावून, तिला विचारून करावं. मी चकार शब्द काढणार नाही. पण ग्रंथी निर्मळ निघाल्या, तर साहेबांनी स्वतः बाहेर येऊन चार लोकांत मला सांगावं की बाकीच्या जागच्या जागी ठेवल्या. खाली मान घालून सांगितलं तरी चालेल.

धाकटीचा वाईटपणा घ्यायला मी एकटी पुरेशी आहे, दवाखान्याने त्यात पडू नये. मला भांडायला ती दोन्ही हातांनी धडधाकट हवी आहे.

आपली, शिल्लक आहे तेवढ्या नम्रतेने,
पडदेवाल्या थोरल्या बाई
(सही डाव्या हाताची आहे, हसू नये.)

तारीख : ऑपरेशनच्या आधीचा सोमवार

सोबत :
१. माझ्या निर्दोष ग्रंथींचा अहवाल.
२. हात. तो मी स्वतः घेऊन येत आहे.