जप्त सायलेन्सर परत न मिळण्याबाबत

प्रति,
मा. कक्ष अधिकारी साहेब,
जप्त वाहनसाहित्य परतावा कक्ष,
चंद्रपूर.

अर्जदार : देवाजी लहानू खोब्रागडे, वय ६३, मु. चिचखेडा, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर.

विषय : अर्जदाराचा जप्त केलेला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर अर्जदारास कोणत्याही परिस्थितीत परत न करणेबाबत.

संदर्भ : १) सदर सायलेन्सर ताबडतोब परत करणेबाबत अर्जदाराचेच सात अर्ज.
२) ते सातही मान्य केल्याचे आपल्या कक्षाचे पत्र.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराने बियाण्याच्या एका फार्मवर एकतीस वर्षे धानावरची पाखरे हाकलण्याचे काम केले. त्यासाठी तेलाचा रिकामा पिपा व तो बडवायला एक दांडा मिळत असे. पाखरे संध्याकाळी उडून जात, पिपा मात्र अर्जदाराच्या कानात राहून गेला. निवृत्तीच्या वेळी अर्जदारास शाल, नारळ व बहिरेपण असे तीन जिन्नस मिळाले. पैकी शाल विरली, नारळ खाल्ला.

२. अर्जदाराकडे मोटारसायकल आहे. ती चालू आहे की बंद, हे अर्जदारास कळत नसे. एकदा भर बाजारात बंद पडलेल्या गाडीवर बसून अर्जदार बराच वेळ ॲक्सिलेटर पिळत राहिला आणि पुढे गर्दी फार आहे असे समजला. हे पाहून गावचा मिस्त्री पवन याने अर्जदाराच्या कानाशी तोंड आणून ओरडून सांगितले, "देवाजीभाऊ, सायलेन्सरच्या पोटातली जाळी काढून टाकतो. मंग गाडी तुमच्यासंग बोलन!" त्याने जाळी काढली व मागे भोंग्यासारखे नळकांडे जोडले. अर्जदाराने किक मारली आणि कित्येक वर्षांनी अर्जदारास काहीतरी ऐकू आले. लांब कुठेतरी कोणी जात्यावर दळते आहे, असा तो गोड, घरगुती आवाज होता. अर्जदाराचे डोळे भरून आले. भोवती जमलेल्या लोकांनी कानांवर हात ठेवले होते. तो नमस्काराचाच एखादा प्रकार असावा, असे अर्जदारास वाटले.

३. असे तीन वर्षे सुखात गेल्यावर तालुक्याच्या नाक्यावर वाहतूक हवालदार श्री. अतुल यांनी अर्जदारास अडविले. ते म्हणाले, "काका, कागद दाखवा." अर्जदारास "कांदे दाखवा" असे ऐकू आले. पिशवीत कांदे होतेच, ते दाखविले. हवालदार म्हणाले, "आवाज किती हा?" अर्जदाराने खरे ते सांगितले, "अडीच किलो." यानंतर सायलेन्सर जागेवरच उतरवून जप्त करण्यात आला. हवालदारांचे काहीही चुकले नाही, हे अर्जदार आज लेखी मान्य करतो.

४. त्या वेळी मात्र अर्जदार पेटला होता. आपल्या कक्षाकडे एकामागून एक सात अर्ज केले. आंधळ्याची काठी काढून घेणारे सरकार, अशी भाषा चौथ्या अर्जात आहे, तिच्याबद्दल क्षमा असावी. सहाव्या अर्जास बेचाळीस गावकऱ्यांच्या सह्यांचे 'आम्हांस आवाजाचा त्रास नाही' असे निवेदन जोडले होते. त्यावर सही करताना शेजारी रामाजी बरेच काही बोलले. अर्जदाराने त्यांचे आभार मानले. ते "माह्या म्हशीनं दूध द्याचं सोडलं, भाऊ" असे म्हणत होते, हे आता त्यांच्याकडूनच समजले आहे.

५. त्यानंतर अर्जदाराची वडसा येथे राहणारी मुलगी हर्षा हिने अर्जदारास कानाच्या शिबिरात नेले. तेथे यंत्र मिळाले. यंत्र लावताच अर्जदारास पंखा ऐकू आला, स्वतःच्या चपला ऐकू आल्या, चहा पिताना आपण केवढा फुर्रर आवाज करतो तेही ऐकू आले. अर्जदार दिवसभर हसत होता. गावी परतल्यावर अंगणात बसला असता एकाएकी रस्त्यावरून असा कडकडाट आला की, अर्जदार धानाच्या पोत्यामागे जाऊन बसला. पवन मिस्त्री कोणा गिऱ्हाईकाची गाडी तपासून पाहत होता. अर्जदार ओरडला, "कोन नालायक हाय हा?" अर्जदाराची पत्नी केसरबाई तांदूळ निवडत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "तुमच्या सायलेन्सरचा जुळा भाऊ हाय. तुमी तीन वर्सं असेच घरी येत होते."

६. येथे एक कौटुंबिक बाब नमूद करणे भाग आहे. या तीन वर्षांत केसरबाई दर पंधरवड्याला पिशवी घेऊन घर सोडीत. जाताना त्या म्हणत, "मले शांतता पाह्यजे." अर्जदारास "मले शांताले पाह्याचं हाय" असे ऐकू येई. शांता ही केसरबाईंची मावसबहीण. दोघी बहिणींची एवढी माया पाहून अर्जदार प्रत्येक वेळी शांतासाठी परसातली एक पपई देत असे. केसरबाई शांताकडे एकदाही गेल्या नाहीत. त्या हर्षाकडे जाऊन चार चार दिवस नुसत्या झोपत असत. पपया हर्षाने खाल्ल्या. हे कळले त्या दिवशी अर्जदाराने यंत्र काढून ठेवले व बराच वेळ काहीही ऐकले नाही.

७. आता गेले दोन महिने केसरबाई घरीच आहेत. संध्याकाळी दोघे बोलत बसतात. चाळीस वर्षांच्या संसारात त्या इतक्या विनोदी आहेत, हे अर्जदारास माहीत नव्हते. अशातच आपले संदर्भ क्र. २ चे पत्र आले : 'आपल्या चिकाटीची दखल घेऊन सायलेन्सर परत करण्यात येत आहे. पंधरा दिवसांत घेऊन जावा, अन्यथा घरपोच पाठविण्यात येईल.' पत्र ऐकून केसरबाईंनी पिशवी काढली व म्हणाल्या, "तो भोंगा घरात आला, त मी नाई." यावेळी अर्जदारास स्पष्ट ऐकू आले.

८. अर्जदार तातडीने आपल्या कक्षात आला. तेथील लिपिक करिश्माताई म्हणाल्या, "काका, मंजूर झालेलं नामंजूर कराचा फॉर्मच नाई आमच्याकडे. काऊन टेन्शन घेता? घरी खुंटीवर टांगून ठेवा." अर्जदाराने घरची परिस्थिती सांगितली. त्यावर त्यांनी आठवा अर्ज करण्याचा सल्ला दिला, तो हा.

९. तरी मायबापांस विनंती की, सदर सायलेन्सर परत न करता चेपून, ठेचून किंवा पुरून टाकावा. नियमाने तो परत करणेच भाग असल्यास, आपले पत्र अर्जदारास ऐकूच आले नाही असे समजावे. बहिरेपणाचा जुना दाखला त्यासाठी सोबत जोडला आहे.

१०. हा अर्ज टपालाने न पाठविता केसरबाईंच्या हस्ते पाठवीत आहे. उत्तर मिळेपर्यंत त्या आपल्या कक्षातच बसतील. डबा सोबत आहे. त्यांना काही समजावून सांगण्याचे कष्ट घेऊ नयेत. अर्जदारास आता ऐकू येते. केसरबाईंस पहिल्यापासूनच येते, परंतु त्या ऐकत नाहीत.

आपला आज्ञाधारक व दोन्ही कानांनी दिलगीर,
(सही) देवाजी लहानू खोब्रागडे
चिचखेडा, दि. १७ जानेवारी २०२५

सोबत :
१) बहिरेपणाचा दाखला, छायाप्रत.
२) गावकऱ्यांचे नवे निवेदन, सह्या दोनशे अकरा. (न मागता मिळाल्या.)
३) केसरबाई, मूळ प्रत. काम झाल्यावर परत मिळावी.