शुद्ध आवाजातली प्रत

८ जून २०२५
विकलं गेलं! माझ्या चॅनलवरचे विज्ञानाचे व्हिडिओ पुण्याच्या कंपनीला हवेत. परवाना घेणार, शाळांना ऑनलाइन विकणार. विनाअनुदानित शाळेत जन्म घालवलेल्या बाईला कुणी रीतसर करार पाठवतं! चष्मा पुसून पुन्हा वाचला.
आमचे हे, शिवप्रकाश, म्हणाले, "वैजयंती, आता तू ब्रँड झालीस." आणि लगेच ब्रँडकडे चहा मागितला.

९ जून
सासूबाईंना सांगितलं. "म्हंजी मी बी इकल्या गेले की!" खूश.
खरंच आहे. मी समजावते, त्या कॅमेऱ्यामागून अडवतात — "थांब गं, मंग चंदर खाली का पडंना?" त्यांनी अडवलं की मला पुढचं नीट सुचतं. इतकी वर्षं वर्गात शिकवलं, कुणी अडवलंच नाही. मला वाटायचं, सगळ्यांना समजतंय!

१३ जून
कंपनीच्या मॅडमचा फोन. गंगाखेडच्या साखर कारखान्याला लाजवील इतका गोड आवाज. "कंटेंट छानच. फक्त त्या आजी... म्हणजे भाषा हो. मुलं चुकीचं शिकतील."
मी म्हणाले, प्रश्न तर त्यांचेच आहेत.
"प्रश्न ठेवू ना! आवाज दुसरा घ्या. शुद्ध."
शुद्ध! तूप मागतेय का ही?
मी बाणेदारपणे उत्तर दिलं — "चालेल."

१६ जून
सोमवार. सासूबाई बेल घेऊन महादेवाला गेल्या. तेवढ्यात दार लावून रेकॉर्डिंग उरकलं. शाळकरी मुलीचा आवाज काढला — मीच. "ताई, मग चंद्र खाली का बरं पडत नाही?" का बरं! या घरात आजवर कुणी 'का बरं' म्हटलेलं नाही. पन्नाशीला टेकलेली बाई, नाकात बोलतेय.
शिवप्रकाश मोबाईल धरून उभे. "आईला सांगू नको."
सांगणार होते थोडीच!

२७ जून
प्रत पसंत. मॅडम म्हणतात, "आता कसं स्वच्छ वाटतंय!" जसं काही सासूबाई म्हणजे जळमट.

९ जुलै
पिंगळीहून नणंदेचा, राजेश्रीचा फोन. तिथल्या शाळेनं आमचे व्हिडिओ कंपनीकडून घेतलेत, मोठ्या पडद्यावर लावायलेत म्हणे. "आईला पाठवा वहिनी. गुरुजी म्हणले, आजीला पुढं बसवू."
मी म्हणाले, त्यांचे गुडघे दुखायलेत.
आतून आवाज — "कुनाचे गं?"

११ जुलै
इरकल नेसून, कपाळाला भस्म लावून, गल्लीभर सांगून सासूबाई पॅसेंजरनं गेल्या. मी गेले नाही. मला ताप होता. म्हणजे, तसं सांगितलं.
संध्याकाळी आल्या. पाय धुतले. मी भाकरी थापत होते, शेजारी येऊन बसल्या.
"ती पोरगी तूच व्हय गं?"
"हो, आत्या."
"लय बारीक आवाज काढलास." रागावल्या नाहीत. हसल्याही नाहीत. "पोरं इचारायलते, आजी, तू कुठं हायस ह्याच्यात?"
"मग?"
"म्हनलं, मी मोबाईल धरत असते."
भाकरी तव्यावर करपली. माझी लाज राखून आल्या बाई! त्यापेक्षा चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर मला जेवण तरी गेलं असतं.

१२ जुलै
सासूबाई नेहमीसारख्याच. हेच वाईट.

४ ऑगस्ट
मॅडमचा फोन. पुढचे धडे हवेत. आणि — "अहो, मुलं चॅनलवरचे जुनेच लावा म्हणतात! या वेळी आजींनाच घ्या. अस्सल गावरान!"
तूप तेच. डब्यावरचं लेबल बदललं.

५ ऑगस्ट
ग्रहणाचा धडा. माईक सासूबाईंच्या पुढ्यात ठेवला. मी बोलत गेले, मध्येमध्ये थांबत गेले. त्या वाती वळत ऐकत बसल्या. मला पुढचं सुचेना. शेवटी म्हणाले, "आत्या, विचारा ना काहीतरी."
"काय इचारू बाई? समदं समजलं की मला."