सदतीस नंबरचं पाकीट

चौगुले साहेब, नमस्कार.

सकाळपासून कोर्टाची तिजोरी तीनदा उघडली. सदतीस नंबरचं पाकीट रिकामंच आहे. उचगावच्या विमलाबाईंच्या सासूचं मूळ मृत्युपत्र त्यात होतं. त्याच कागदावर त्यांना राहतं घर मिळायचं आहे. काल त्या मला म्हणाल्या, “कागूद तुमच्यापाशी हाय, मग मला कसली काळजी?”

गेल्या वर्षीच्या तपासणीतच ते पाकीट मला हलकं लागलं होतं. अधीक्षक म्हणून तुम्ही प्रत्येक पाकीट स्वतः उघडून पाहायचं होतं. पण बाहेर तुमच्या निवृत्तीच्या जेवणाची पानं मांडली होती. मी म्हणाले, “सगळी आहेत.” “भैरवी म्हणती म्हंजे हाईत की,” म्हणून तुम्ही सही केलीत.

तो कागद बहुधा मीच चुकून जुन्या फायलींच्या गठ्ठ्यात बांधला. ते गठ्ठे सोमवारी नष्ट करायचे आहेत. थांबवायचे तर न्यायाधीशांना सारं सांगावं लागेल. मग तुमची सहीही निघेल, आणि तुमचं पेन्शन अजून मंजूर व्हायचं आहे.

हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवलं तर तुम्ही फोन कराल, आणि तुमचा आवाज ऐकला की मी गप्प बसेन. गठ्ठे थांबवायचा अर्ज टाइप झाला आहे. न्यायाधीश अकराला येतात.

तुम्ही न मोजता जिच्यावर विसंबलात ती,
भैरवी