पंख उघडणारी घोडी

तेमिरकुल,

लहानपणापासून आपलं लग्न ठरलेलंच होतं. तरी नऊ वर्षांपूर्वी, जत्रेत मुलाने घोड्यावरून मुलीला गाठायच्या शर्यतीत, माझ्या मागे हाताच्या अंतरावर येऊन तू लगाम खेचलास. मला वाटलं, तुला मी नकोच. न गाठणाऱ्याला मुलीने फटके द्यायचे, या रिवाजाप्रमाणे मागे वळून मी तुला चाबकाने झोडपलं आणि बोलणंच टाकलं.

काल खिंड राखताना शत्रूने मला कड्याकडे रेटलं, तेव्हा मागून तूच घोडा फेकत आलास. "पळ, आयझिरेक! आज लगाम खेचणार नाही!"

तू गाठणार, तोच माझ्या त्याच घोडीने पंख उघडले. हरायची वेळ आली तरच ती उघडते, हे तुला त्या शर्यतीतच, तिचे पंख हलताना बघून कळलं होतं. पंखवाली घोडी दिसली की खानाची माणसं तिला स्वारासकट फौजेत नेतात, म्हणून थांबलास ना? गाढवा, सांगायचंस की!

पंख बघून शत्रूचे घोडे बुजले, स्वारांना पाडून उधळले. खिंड आपलीच राहिली!

आता तू तंबूबाहेरून ओरडतोयस, "चहा निवतोय, बाईसाहेब!" हे पत्र चुलीत घालते. माफी तोंडानेच मागेन, पण आधी गाठून दाखव. पंख उघडायचे नाहीत, असं घोडीला बजावलंय.

तुझीच,
आयझिरेक