मैतेची वाढ

प्रिय विल्मर,

तुझ्या हृदयात स्टेंट घातला, हे मला तुझ्या दुकानात माल पोचवणाऱ्या ड्रायव्हरकडून कळलं. सख्ख्या बहिणीला कळवायची तुझी ही तऱ्हा जुनीच. आता तरी साखर सांभाळ.

मागे तू हसत म्हणाला होतास, "ताई, तुमचं बरंय, बुटक्यांना डायबिटीस होत नाही!" आम्हाला खरंच होत नाही. राजधानीहून, किटोहून येणारे डॉक्टर दरवर्षी आमचं रक्त नेतात ते त्यासाठीच. त्यांनी मला एकदा नीट समजावलं. मेंदूखालची इवलीशी ग्रंथी 'वाढ' असा निरोप धाडते आणि आमचं शरीर तो ऐकतच नाही. म्हणून उंची खुंटते, अंगावर चरबी चढते, साखर तेवढी ताब्यात राहते. आमच्या रक्तावरून तुम्हा उंच लोकांसाठी औषध निघेल म्हणे. निघो बापडं. मी बावन्न वर्षांची बाई, आणि अजून बाजारात कुणीही परका माझ्या डोक्यावरून हात फिरवून जातो. हे भाग्य हवं होतं का रे तुला?

तुझ्या लेकीला, मैतेला, इथे सोडताना म्हणालास, "पोरीला हवापालट होईल." पाच वर्षांची पोर, उंची दोन वर्षांच्या बाळाएवढी. मी पाहताक्षणी ओळखलं. तूही ओळखलं होतंस, नाहीतर ग्वायाकिलसारखं शहर सोडून या डोंगरात तिला कशाला आणली असतीस? वर दोष दिलास बायकोला, ग्लादिसला, तिने गरोदरपणी हेळसांड केली म्हणून. डॉक्टर म्हणतात, आई आणि बाप दोघांकडून हा दोष आल्याशिवाय मूल असं जन्मत नाही. मला तुझी किळस आली, विल्मर.

पोर मजेत आहे. कच्च्या केळ्यांचं सूप वाट्या भरून पिते, कोंबड्यांना दटावते. काल विचारत होती, "आत्या, मी मोठी झाले की तुझ्याएवढी होणार?" मी भांडी घासत राहिले.

पत्र लिहायचं कारण एवढंच. शरीर तो निरोप ऐकत नसलं तरी वाढ घडवणारं इंजेक्शन आता मिळतं. हाडं कोवळी आहेत तोवरच त्याचा उपयोग. माझ्या लहानपणी ते नव्हतं, मैतेला मिळू शकतं. त्यासाठी आईबाप दोघांचं रक्त तपासतात, दोघांची सही लागते. ग्लादिसने रक्त दिलं, सही केली. तू मात्र टाळतोस, कारण दोष तुझ्याही रक्तात आहे हे सासरी कळेल. तर ऐक. शनिवारी दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं असताना मी मैतेचा हात धरून दारात उभी राहीन आणि ही कुणाची लेक, मी कुणाची बहीण, ते मोठ्याने सांगेन. शुक्रवारपर्यंत स्वतः दवाखान्यात आलास, तर तुझ्या हृदयाला हा धक्का बसणार नाही.

तुझीच थोरली बहीण,
सोइला