चिंचेचा कारभारी

७ ऑक्टोबर १९५६, रविवार

आज पाळकसाहेबांचा उपदेश कारभारीपणावर. पैसा देवाचा, शरीर देवाचं, सृष्टी देवाची — आपण नुसते कारभारी. तीन मुद्दे. तिन्ही वेळा नजर माझ्यावर! पैशाचं समजलं, नारायणगुड्यात माझी लाकडाची वखार आहे. शरीराचंही समजलं, माझं पोट पहिल्याच बाकावर होतं. पण सृष्टी? — हां, पुन्हा वखारच.

९ ऑक्टोबर

लघवीत साखर निघाली. मिठाई बंद, टांगा बंद, रोज चाला. जयवंता खूश. "मी सांगत होते तेव्हा बायकोची बडबड. आता फी देऊन तेच ऐका."

१४ ऑक्टोबर, रविवार

चर्चची कमिटी बसली. एक नोव्हेंबरला हैद्राबाद राज्याचे तीन तुकडे, मराठी कारकुनांच्या बदल्या मराठवाड्यात. आमचे खजिनदार हिम्मतराव यांनाही औरंगाबाद. जाण्याआधी चर्चवर नवे पत्रे घालून जायची हौस! पैसा? आवारातली जुनी चिंच कापणीच्या सणाच्या लिलावात काढायची.

सत्यवतीबाई उठल्या. बावीस वर्षं त्या चिंचेखाली शब्बाथ शाळा घेतात. इथल्या पोरांना मराठी अक्षर दिसतं ते रविवारी तिथेच; बाकी आठवडा तेलुगू नि उर्दू.

"मुलं कुठे बसवू?"

"नव्या पत्र्याखाली, बाई."

"मे महिन्यात? शिकवू की भाजू?"

सगळे हसले. ठराव पास झाला.

१६ ऑक्टोबर

चालायचंच आहे तर चर्चपर्यंत चाललो. चिंचेवर ठोकलं, कान लावला. तीस वर्षं लाकूड ऐकतोय — आतून पोकळ! अशी चिंच आणखी पन्नास वर्षं उभी राहते, पण कमिटीला कोण पटवणार? पोकळ म्हटलं की "धोका आहे, तोडा." भरीव म्हटलं की "पैसा आहे, तोडा." गप्प बसलो.

मीच घेतो. उभीच ठेवतो. कोणाला सांगायचं नाही — हिम्मतरावांना कळलं तर भाव चढवतील.

२८ ऑक्टोबर, रविवार

लिहायची लाज वाटते.

आमच्या लिलावाची रीत अशी — पपई घ्यायची, पैसे मोजायचे, आणि "परत देवाला!" म्हणून तीच पपई टेबलावर ठेवायची. ती पुन्हा विकली जाते. चर्चला दुप्पट, देणाऱ्याला टाळ्या. मागच्या सणाला माझ्यामुळे एक कोंबडी चार वेळा विकली. बिचारी शेवटी बसल्या जागी झोपली!

चिंच निघाली. सत्यवतीबाई पाच रुपये बोलल्या. लोक हसले. हिम्मतराव मला चढवत गेले, मी सव्वाशेला घेतली. टाळ्या पडल्या. पाळकसाहेब म्हणाले, "याला म्हणतात कारभारी!" — आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "परत देवाला!"

सत्यवतीबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

पुन्हा बोली. सव्वाशे रोख मोजून माझा खिसा रिकामा, आणि आमच्या लिलावात उधारी चालत नाही. नल्लकुंट्याचा सरपणवाला दत्तोबा गेटापाशी उभा होता, हिम्मतरावांनीच बोलावलेला. चाळीसला घेऊन गेला. पंधरा दिवसांत तोडणार.

घरी जयवंता — "चाळीस वेळा सांगितलं, आधी तोंड सांभाळा. मला वाटलं, खाण्यापुरतंच सांगावं लागतं."

२९ ऑक्टोबर

दत्तोबाकडे गेलो. चालत.

"शेठ, दोनशे."

"अरे, काल चाळीसला घेतलंस ना!"

"हौ. पण काल सरपण होतं. आज तुम्ही स्वतः चालत आलात म्हणजे इमारती लाकूड असणार."

पोकळ आहे म्हटलं असतं तर पंचवीसला दिली असती. पण मग गावभर बोभाटा, कमिटीच्या कानावर, धोका, कुऱ्हाड. आयुष्यात पहिल्यांदा घेताना मालाची खोड लपवली. दोनशे मोजले. म्हणाला, "कधी तोडणार?" म्हटलं, "वाळू दे." उभं झाड वाळू दे! तो अजून विचार करत असेल.

३० ऑक्टोबर

सत्यवतीबाईंना सांगून आलो — झाड माझं, उभं राहणार. कमिटीला पैसा मिळाला आहे, ती काही बोलत नाही. बाई म्हणाल्या, "लिलावात तोंड उघडलंत तेव्हा मी तुम्हाला मनात काय काय म्हटलं, ते आता देवाकडून परत घेते." मग म्हणाल्या, "सगळं नाही."

वाटेत इराण्याकडे बसलो. चहात दोन चमचे साखर. शरीराचा हिशेब देव नंतर बघून घेईल.

३१ ऑक्टोबर

काचीगुडा स्टेशनवर निरोप. चर्चची पाच कुटुंबं एका गाडीत! हिम्मतराव डब्यातूनही पत्र्यांच्या मापाबद्दल ओरडत होते.

४ नोव्हेंबर, रविवार

चिंचेखाली चटया अंथरल्या होत्या. सत्यवतीबाईंनी हजेरी उघडली, तेरा नावं मोठ्याने वाचली, आणि प्रत्येकापुढे स्वतःच बोलल्या — औरंगाबाद. औरंगाबाद. परभणी. औरंगाबाद. शेवटपर्यंत.

मग पुस्तक मिटून माझ्याकडे वळल्या. "एकनाथराव, उभे का? बसा. सावली भरपूर आहे."