केराचा आठवडा

३ नोव्हेंबर, रविवार
आजपासून रोजनिशी. उद्देश एकच: पाच महिन्यांत इथल्या समाजात पूर्ण मिसळून जाणं. स्टुटगार्टच्या या बाजूला येऊन तीन वर्षं झाली, पण ती शिकण्यात आणि नोकरीत गेली. मिसळायला वेळ मिळाला नाही.

निमित्त असं, की घरमालक हेर (म्हणजे इथले श्रीयुत) वाइबले यांचं पत्र आलंय. मी ज्यांची पोटभाडेकरू आहे ते गृहस्थ परत येणार नाहीत. माझा करार एकतीस मार्चला संपतो. माळ्यावरची ही जागा माझ्या नावावर करायला वाइबलेंची हरकत नाही, मात्र खालच्या तिन्ही बिऱ्हाडांचं मत ते आधी विचारणार. घर लहान आहे, जिना एकच आहे, माणसं एकमेकांना पटायला हवीत, असं त्यांनी लिहिलंय.

जागा स्वतःच्या नावावर असल्याशिवाय आईला मे महिन्यात आणता येणार नाही. व्हिसाच्या कागदांत तसं स्पष्ट आहे. आई जूनमध्ये निवृत्त झाली. एकोणतीस वर्षं जयसिंगपूरच्या शाळेत शिपाई. तिने वर्ग झाडले म्हणून मी इंजिनिअर झाले, आमच्या घरातली पहिली पदवीधर. इथे आल्यावर तिला झाडू हातात धरू द्यायचा नाही, हा माझा निश्चय आहे. तो इथे लिहून ठेवते.

समरसता आजमितीस: ४० टक्के.

९ नोव्हेंबर, शनिवार
दारावर आठवडाभर लाकडी पाटी आहे. म्हणजे जिना झाडण्याचा आठवडा आपला, आणि झाडायचा वार शनिवार. उद्या पाटी तळमजल्याच्या फ्राऊ, म्हणजे श्रीमती, नेगेलेंच्या दारावर जाईल, पुढचा शनिवार त्यांचा, मग पहिल्या मजल्याचे हेर ओटले, मग दुसऱ्यावरची नुर्तन, मग पुन्हा मी. आजवर मी हे काम उरकून टाकत होते. आता कळलं, की समाजात शिरायचा दरवाजा हाच आहे.

घरी कधी झाडलं नव्हतं. आई म्हणायची, तू पुस्तक धर. त्यामुळे वाईट सवयी लागलेल्या नाहीत, सगळं मुळापासून विचार करून ठरवता आलं. घाण दारातून आत येते, म्हणून सुरुवात दारापासून. तिथून एकेक पायरी वर. काम संपतं तेव्हा मी माझ्याच दाराशी असते, परत चढावं लागत नाही. पंपांच्या कारखान्यात काम केल्याचा हा फायदा. खालून वर न्यायचं कसं, हाच आमचा धंदा.

चाळीस मिनिटं लागली. वर पोचले तेव्हा जिन्याकडे वळून पाहायची गरज वाटली नाही.

१० नोव्हेंबर, रविवार
काल दुपारी बाहेर पडताना पाहिलं, फ्राऊ नेगेले जिना झाडत होत्या. त्यांची पाळी नसताना. वय अठ्ठ्याहत्तर. मला पाहून थांबल्या, नमस्कार केला, मी दाराबाहेर जाईपर्यंत झाडू पाठीमागे धरून ठेवला. माझं बघून त्यांनाही हुरूप आला असावा. या वयात हे सोपं नाही.

७ डिसेंबर, शनिवार
पाळी. या वेळी ओलं फडकंही मारलं, तेही खालून वर. हेर ओटले पाण्याच्या बाटल्यांचं खोकं घेऊन वर येत होते. निवृत्त बसचालक आहेत, थट्टेखोर. म्हणाले, इंजिनिअरबाई, आज जिन्याला पूर आलाय वाटतं. मी म्हटलं, वाळेल. ते म्हणाले, हो, उन्हाळ्यात. लोक मोकळेपणाने बोलू लागलेत.

तेवढ्यात आईचा फोन. म्हणाली, कसला गं खराखरा आवाज. मी म्हटलं, मशीन आहे. म्हणाली, मशीनला दम लागलाय की. मी विषय बदलला. तिला हे सांगायचं नाही. मुलगी परदेशात जिना झाडते, हे तिने ऐकावं म्हणून तिने कष्ट केले नाहीत.

समरसता: ५५ टक्के.

१४ डिसेंबर, शनिवार
इथे प्रत्येक गोष्टीची लेखी सूचना असते, मग ती लोक पाळतात. आमच्या जिन्यात मात्र फक्त सायकल ठेवू नये एवढंच. म्हणून मी 'जिन्याच्या स्वच्छतेसाठी पाच सूचना' छापून खालच्या दाराजवळच्या फलकावर लावल्या. मजकूर नम्र होता. पहिली सूचना: काम पद्धतशीर करावं. दुसरी: काम प्रवेशद्वारापासून सुरू करावं.

१६ डिसेंबर, सोमवार
कुणीतरी पेनाने सहावी सूचना जोडलीय: वरच्या मजल्याने खालच्या मजल्यांना धूळ पाठवू नये, पोस्टाने पाठवावी. अक्षर ओटलेंचं आहे. अर्थ नीट लागला नाही, पण फलकावर संवाद सुरू झाला, ही मोठी गोष्ट आहे.

४ जानेवारी, शनिवार
पाळी. ताप होता, तरी झाडलं. पाच महिन्यांत एकही शनिवार चुकवायचा नाही. दुपारी खालून झाडूचा आवाज आला. फ्राऊ नेगेलेंचा हुरूप टिकून आहे.

९ जानेवारी, गुरुवार
फ्राऊ नेगेले बहिणीकडे उल्मला गेल्यात, बहिणीचं खुब्याचं ऑपरेशन आहे. त्यांचा आठवडा चालू आहे, पाटी त्यांच्याच दारावर. म्हातारं माणूस दमून येणार आणि लगेच जिना झाडणार, हे मला बघवलं नाही. त्यांच्या वतीने मी झाडून टाकला. फडकंही मारलं. पाटी काढून नियमाप्रमाणे पुढच्या, म्हणजे ओटलेंच्या, दारावर लावली, आणि फ्राऊ नेगेलेंच्या दाराखालून चिठ्ठी सरकवली: तुमचं काम झालंय, काळजी नसावी.

याला म्हणतात शेजार.

१० जानेवारी, शुक्रवार
फ्राऊ नेगेले परतल्या. चिठ्ठी वाचून बराच वेळ दारात उभ्या होत्या, मी वरच्या कठड्यावरून पाहिलं. मग कोट न काढता ओटलेंच्या दारावरची पाटी आणली, आपल्या दारावर परत टांगली आणि सगळा जिना झाडला. मी नमस्कार केला तर मान हलवली फक्त. भारावून गेल्या असाव्यात. इथली माणसं भावना बोलून दाखवत नाहीत.

२० जानेवारी, सोमवार
दहा दिवस झाले, फ्राऊ नेगेले माझ्याशी बोलल्या नाहीत. खोल नातं शब्दांवाचून असतं, असं मी वाचलंय.

समरसता: ७० टक्के. जरा कमीच धरली.

१ फेब्रुवारी, शनिवार
पाळी. सकाळी दार उघडलं तर समोर नवाकोरा झाडू आणि सुपली. ओटलेंनी ठेवलं होतं. म्हणाले, तुमचा झाडू फार हुशार आहे, धूळ ठेवून जातो, हा जरा साधा आहे. मी आभार मानले. भेटवस्तू देणं ही जवळीक.

२२ फेब्रुवारी, शनिवार
वाइबलेंचं पत्र. पंधरा मार्चला ते येणार, फ्राऊ नेगेलेंच्या स्वयंपाकघरात सगळे बसून ठरवणार. मला बोलावणं नाही. रास्त आहे. निकाल लावताना उमेदवार समोर असू नये.

आईला सांगितलं, काम झाल्यातच जमा आहे. ती म्हणाली, मी पासपोर्टचा फोटो काढून आले, फोटोवाल्या बाईंनी कुंकू पुसायला लावलं. मग म्हणाली, बघ हं, मी गल्लीत सांगून बसलेय.

त्यानंतर चहात साखर दोनदा पडली. थंडीमुळे.

१ मार्च, शनिवार
पाळी. निवडीआधीची शेवटची, म्हणून दोनदा झाडलं. दोन्ही वेळा खालून वर.

८ मार्च, शनिवार
नुर्तनने चहाला बोलावलं. ती इथेच जन्मली, तिचे आजोबा तुर्कस्तानातून कामाला आले होते. इस्पितळात नर्स आहे, बोलायला स्पष्ट. म्हणाली, तुला कुणी सांगितलं नाही, म्हणून मी सांगते, रागावू नकोस. फ्राऊ नेगेलेंचा आठवडा तू का हिसकावलास? मी म्हटलं, मदत. ती म्हणाली, अगं, इथे दुसऱ्याचा आठवडा झाडला म्हणजे तोंडावर सांगितलं की तुझं घर घाण आहे. त्यांनी सेहेचाळीस वर्षांत एक शनिवार चुकवला नाही. नवरा गेला त्या आठवड्यातही झाडलं. आणि तू चिठ्ठी टाकलीस, काळजी नसावी.



मग तिने दारातून जिन्याकडे बोट केलं आणि विचारलं, दर पाळीला तू वरून उतरतेस की खालून चढतेस. मी पद्धत समजावून सांगितली. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, म्हणजे खरंच तसं करतेस. ओटले सांगायचे, मला वाटायचं थट्टा करतात. वरची सगळी धूळ तू खालच्या झाडलेल्या पायऱ्यांवर पाडतेस, आणि शनिवारी दुपारी म्हातारी ती काढते. दर वेळी.

मी विचारलं, इतके महिने मला का सांगितलं नाही. नुर्तन म्हणाली, तू फलकावर सूचना लावल्यास, त्यावरून वाटलं तुला माहीतच असणार.

समरसतेचा आकडा आज लिहीत नाही.

९ मार्च, रविवार
आईला सगळं सांगितलं. जागा गेली बहुतेक, हेही. मला वाटलं, मी झाडते हे ऐकून ती रडेल. ती म्हणाली, आधी सांग, कुठनं सुरू करतीस. मी म्हटलं, खालून.  ती म्हणाली, आणि वरचं कुठं जातंय मग? मी म्हटलं, ते आता कळलं. म्हणाली, अगं बाय, आमच्या शाळेतली चौथीची पोरं वरनं झाडत्यात. एवढी फी भरली तुझी.

मी म्हटलं, तुला वाईट नाही वाटलं, मी झाडते म्हणून? ती म्हणाली, झाडतीस त्याचं काय वाईट. त्या म्हातारीकडनं झाडून घेतीस त्याचं वाटतंय. आणि इथं झाडायला सांगितलं की हात मोडत होते तुझे.

मी आठवण करून दिली, की तीच मला पुस्तक धर म्हणायची. ती म्हणाली, म्हटलं असंल. एका हातानं धरायचं होतंस.

१० मार्च, सोमवार
सूचना काढून टाकल्या. फ्राऊ नेगेलेंच्या दारापुढे उभी राहिले. माफीचं भाषण पाठ केलं होतं, अकरा वाक्यांचं. त्यांनी दार उघडलं. मी म्हटलं, मला झाडता येत नाही. उरलेली दहा वाक्यं आठवेनात. त्या म्हणाल्या, ते मला नोव्हेंबरपासून माहीत आहे. मग म्हणाल्या, बूट पुसून घ्या. आत मात्र बोलावलं नाही.

१५ मार्च, शनिवार
चार वाजता खाली सगळे बसले. मी वर. कपड्यांच्या घड्या घातल्या, मग मोडून पुन्हा घातल्या. खालून एकदा ओटलेंचं हसू ऐकू आलं. सहाला नुर्तन आली आणि खाटेवर बसली.

जागा मिळाली.

मी विचारलं, कशामुळे. माझ्या मनात दोन-तीन कारणं होती. नुर्तन म्हणाली, ओटले म्हणाले, राहू द्या तिला, ज्याच्याबद्दल आपल्या तिघांचं एकमत होतं असं घरात हे एकच माणूस आहे. मी विचारलं, आणि फ्राऊ नेगेले? त्या म्हणाल्या, झाडता येत नाही, पण तापातही शनिवार चुकवत नाही. असं माणूस रस्त्यावर काढायचं नसतं. फक्त झाडू काढून घ्यायचा.

वाइबले करार सोमवारी पाठवतील. नवी यादी आजच फलकावर लागली, फ्राऊ नेगेलेंच्या अक्षरात, वर्षभराची. माझे सगळे शनिवार त्यांच्या नावावर. माझं नाव सर्वांत खाली, वेगळ्या ओळीत: पाण्याची खोकी वर नेणे, दर शुक्रवारी, सर्व मजल्यांसाठी.

खालून वर. निदान तेवढं मला जमतं, हे त्यांनी पाहिलंय.

२९ मार्च, शनिवार
काल खोकी नेली. आज माझा आठवडा असता. पाटी फ्राऊ नेगेलेंच्या दारावर होती.

मी त्यांना म्हटलं, मला शिकायचं आहे, नुसती बघत उभी राहू का. त्या म्हणाल्या, उभं राहायला परवानगी लागत नाही. आईलाही बघायचं होतं, म्हणून व्हिडिओ कॉल लावला. फ्राऊ नेगेले वरून सुरू झाल्या. कोपरा आधी, मग कड, मग मधलं, मग खालची पायरी. आई फोनमधून म्हणाली, बघ, कोपरा कसा काढला. मग म्हणाली, त्यांना सांग, कठड्याखालची फट राहिली. मी सांगितलं नाही. आईने बोट नाचवून स्वतःच दाखवलं. फ्राऊ नेगेले फोनजवळ आल्या, चष्मा लावला, फटीकडे पाहिलं आणि ती झाडली. आई म्हणाली, आता कसं. एकीला मराठी येत नाही, दुसरीला जर्मन येत नाही. मला दोन्ही येतं, मला कुणी काही विचारत नव्हतं.

मी फोन धरून उभी होते. एकदा हात हलला तर दोघी एकदमच रागावल्या.

शेवटी आई म्हणाली, त्यांना सांग, मी मे महिन्यात येणाराय, तेव्हाचं मी झाडीन, त्यांनी बसून राहावं. मी म्हटलं, आई, तू इथे झाडू धरायचा नाहीस, माझा निश्चय आहे. ती म्हणाली, आधी सांग तर. सांगितलं.

मला वाटलं, फ्राऊ नेगेले पुन्हा दहा दिवस बोलणार नाहीत. त्यांनी झाडू कठड्याला टेकवला. मग फलकापाशी गेल्या, आईचं नाव काय, ते कसं लिहायचं, मला विचारलं. चोवीस मेपुढचं स्वतःचं नाव पट्टीने सरळ रेघ मारून खोडलं, आणि वर लिहिलं: फ्राऊ शकुंतला. शाईने.

आईचं तिकीट अजून काढलेलं नाही. माझं नाव अजून खोक्यांपाशीच आहे.